चौदा दारं आणि तीन प्रश्न

सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरचा एक सात वर्षांचा मुलगा शाळेच्या बसपर्यंत चालत जाईना. थांबा त्याच्या घरापासून चार घरं सोडून आहे. मधल्या एका अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहिला होता. अमेरिकेतल्या दुकानांत हे प्लास्टिकचे सांगाडे २०२० पासून मिळतात, आणि हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं वेश करून 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत दारोदार खाऊ मागतात त्या सणाला, महिनाभर अवकाश असतानाच लोक ते बाहेर काढतात. याच्या डोळ्यांत दिवे होते. पायाशी आवाजाचा एक डबा जोडलेला होता, जवळून कुणी गेलं की तो खदाखदा हसायचा. मुलगा आईचा हात सोडून उलट दिशेला पळाला. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी बूटच सापडेनात.

त्याच्या आईवडिलांच्या संमतीनं हे लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही, मध्य न्यू जर्सी एवढं पुरे. मुलाला छोटू म्हणेन, घरात त्याला तसंच हाक मारतात. मी त्यांच्या समोरच राहते, आणि छोटू रविवारी माझ्याकडे मराठी शाळेत येतो, म्हणून मी त्याची मावशी. पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही बरीच पत्रं लिहिली. काही साफ फसली. ती का फसली हेसुद्धा इथे आलं पाहिजे, कारण अशी पत्रं लिहिणारे बहुतेक जण पहिल्यांदा आमच्यासारखंच लिहितील.

दोन भीती, एकमेकींत गुंतलेल्या

छोटूला शेंगदाणा आणि काजू यांची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. मराठी घरात याचा अर्थ काय होतो ते ज्यांना सांभाळावं लागतं त्यांनाच कळतं. कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चिवड्यात शेंगदाणे, शिऱ्यात काजू. त्यात वडील गोव्याचे, म्हणजे काजू परसातलाच. चार वर्षांचा असताना एका घरगुती जेवणात त्यानं चिवड्याचा बकाणा भरला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मांडीत एपिनेफ्रिन टोचलं आणि रात्र रुग्णालयात गेली. तेव्हापासून या औषधाची दोन इंजेक्शनं कायम सोबत असतात. दोन अशासाठी, की एकानं भागलं नाही किंवा त्रास काही वेळानं उलटून आला, तर दुसरं हाताशी हवं.

२०२२ च्या हॅलोवीनला तो पाच वर्षांचा होता. एका दारी पायरी चढताच झुडपातून एक पुतळा किंचाळत पुढे झेपावला. छोटू दचकून मागे पडला. घरातल्या बाईंनी, बिचाऱ्यांनी, त्याला शांत करायला मूठभर चॉकलेटं पिशवीत टाकली. त्यातली निम्मी शेंगदाण्याची होती, आणि एकाचं वेष्टन फाटलेलं होतं. आईनं ते पाहिलं, ओरडली, पिशवी हिसकून घेतली आणि त्याचे हात पुसत त्याला घरी आणलं.

आईच्या मते त्या रात्री काय झालं तर एक धोका टळला. छोटूच्या मते काय झालं ते मला दोन वर्षांनी कळलं. राक्षस ओरडला, मग आई ओरडली, मग खाऊ गेला, आणि सगळे रस्त्यावर असताना आपण घरात. त्याच्यासाठी राक्षस आणि शेंगदाणा एकाच दारामागे राहतात. २०२३ ला त्यानं वेशच केला नाही. वर्गातल्या समारंभात त्याला स्वतःचा डबा घेऊन वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. घरी येऊन त्यानं एवढंच विचारलं, "मी संसर्गाचा आहे का?"

म्हणून या प्रकरणात 'मुलगा भुतांना घाबरतो' एवढीच नोंद केली असती तर चुकलं असतं. त्याला धीरही हवा होता आणि पंगतीत जागाही. एकावाचून दुसरं मिळणार नव्हतं.

फसलेली पत्रं

पहिली चूक माझी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी त्याला छान कागदावर पत्र लिहिलं: तू आमचा वाघ आहेस, भुतं खोटी असतात, अजिबात घाबरायचं नाही. त्यानं ते एकेक अक्षर लावत वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. "मावशी, हे माझं नाहीये. मी घाबरतो."

तो क्षण मी विसरलेले नाही. 'घाबरू नकोस' हे वाक्य आपण मायेनं म्हणतो, पण घाबरलेल्या मुलाला त्यातून ऐकू येतं ते असं, की घाबरणारा मुलगा मावशीला चालत नाही. त्या वयाला मुखवटा वेगळा आणि माणूस वेगळा हे डोक्याला समजतं, पोटाला समजत नाही.

दुसरं पत्र आईचं, शेजाऱ्यांना. दीड पान टाइप केलेलं. अ‍ॅलर्जीचं वैद्यकीय नाव, टाळायच्या पदार्थांची यादी, चार ठिकाणी 'त्रासाबद्दल क्षमस्व'. तिनं चौदा प्रती काढल्या आणि रस्त्यावरच्या चौदा टपालपेट्यांत टाकल्या. दुसऱ्या दिवशी टपाल वाटणाऱ्या बाईंनी गठ्ठा परत आणून दिला. अमेरिकेत घरासमोरच्या टपालपेटीत तिकीट न लावलेलं काहीही टाकणं कायद्यानं मना आहे, ती पेटी फक्त टपालखात्यासाठी असते. त्या रागावल्या नाहीत, नीट समजावून सांगितलं. छोटू त्या वेळी दारातच होता. त्यानं त्यांची निळी पिशवी बराच वेळ न्याहाळली.

मग आईनं पत्रं हातोहात दिली. चौदांतून दोन उत्तरं आली, दोन्ही सभ्य. एका घरानं लिहिलं की तुमच्या मुलाला धोका नको म्हणून आम्ही त्याला काहीच देणार नाही. दुसऱ्यानं लिहिलं की त्या संध्याकाळी आम्ही व्हरांड्यातला दिवाच लावणार नाही. इथे दिवा बंद म्हणजे 'या दारी येऊ नका'. आई ती दोन कागदं घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मी दारं उघडा म्हणून लिहिलं होतं, त्यांनी बंद केली."

पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कारण दिसलं. दीड पानात मुलगा कुठेच नव्हता. होता तो फक्त धोका. वाचणाऱ्यानं धोका टाळला, यात त्याचं काय चुकलं?

स्वयंपाकघरातला शनिवार

त्या शनिवारी आम्ही छोटूला समोर बसवून हॅलोवीनसाठी भोपळ्यावर तोंड कोरायला घेतलं. आतलं धागेधागे असलेलं पिवळं बी त्यानं दोन्ही हातांनी उपसलं, ओट्यावर पसरलं, मोजायला लागला. भोपळ्याच्या तोंडाला तो मुळीच घाबरत नव्हता. मी सहज विचारलं, "याची भीती नाही वाटत?"

"याच्या आत काय होतं ते मी बघितलंय ना."

इथे आमची दिशा बदलली. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत रुळवली. ज्या प्रसंगाची धास्ती वाटते त्याचं छोटं वर्णन मुलाला आधीच लिहून द्यायचं. कोण असेल, काय दिसेल, आधी काय घडेल, मग काय. प्रसंग सांगणारी वाक्यं जास्त, 'असं कर' म्हणणारी कमी. छोटूला ऑटिझम नाही. पण दारामागे काय आहे हे न कळल्यानं होणारा जाच तोच होता.

मी त्याला विचारलं, दार वाजवण्याआधी तुला काय काय माहीत असायला हवं? त्यानं तीनच गोष्टी सांगितल्या, जणू केव्हाच्या तयार होत्या. ते पत्र त्यानं स्वतः पेन्सिलीनं लिहिलं, मूळ इंग्रजीत. मराठीत असं:

"शेजाऱ्यांनो, मी सात वर्षांचा आहे. मी निळ्या दाराच्या घरात राहतो. या हॅलोवीनला मला तुमच्या दारी यायचं आहे. मला तीन गोष्टी सांगाल का? एक, तुमच्याकडे काही हलतं किंवा ओरडतं का? दोन, दार कोण उघडेल? तीन, तुम्ही काय देणार? शेंगदाणा आणि काजू खाल्ला की मी खूप आजारी पडतो. पेन्सिल दिली तरी चालेल. खोडरबर पण चालेल. मी पोस्टमन होणार आहे."

आईचा हात 'क्षमस्व' लिहायला शिवशिवत होता. तो शब्द आम्ही येऊ दिला नाही. खाली तिचा फोन नंबर घातला, मुलाचं नाव घातलं नाही. यावर आमची बरीच चर्चा झाली. मुलाचं दुखणं चौदा घरांत वाटायचं का, हा साधा प्रश्न नाही. आम्ही ठरवलं की जिथे आई स्वतः दार वाजवून पत्र देऊ शकते तिथेच द्यायचं. कुठे चिकटवायचं नाही, कुठल्या गटावर टाकायचं नाही, आणि छोटू कुठल्याही दारी एकटा जाणार नाही. माझ्या मते ही अट पत्राच्या मजकुराइतकीच महत्त्वाची आहे.

आलेली उत्तरं

नऊ घरांनी उत्तर दिलं.

सांगाडेवाले आजोबा एकटे राहतात, आयुष्यभर त्यांनी ट्रक चालवला. त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढून पाठवलं: सांगाडा, त्याच्या टाचेमागचा आवाजाचा डबा, डब्यावरचा खटका, आणि खटक्याकडे जाणारा बाण. खाली लिहिलं, "डोळे हलतात, ते मला बंद करता येत नाहीत. हसणं बंद करता येतं. तू आलास की तूच बंद कर. दार मी उघडेन. मला दाढी आहे, ती खरी आहे."

एका घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलानं लिहिलं की मी रक्ताळलेला मुखवटा घालणार आहे, पण पोस्टमन दिसला की तो हातात धरेन. गुजराती काकींनी कळवलं की त्या दिवशी आमची दिवाळी आहे, दारात रांगोळी आणि पणत्या असतील, काजूकतलीचं ताट मात्र आत कपाटात असेल, आणि ताटाला लागलेल्या हातानं मी तुला काही देणार नाही. हे शेवटचं वाक्य ज्यांनी अ‍ॅलर्जी जवळून पाहिली आहे त्यांनाच सुचतं. शेंगदाण्याचा अंश साबण-पाण्यानं जातो. हात निर्जंतुक करायच्या जेलनं तो जात नाही, नुसता पसरतो.

एका घरानं स्पष्ट लिहिलं: आम्ही वर्षानुवर्षं शेंगदाण्याचीच चॉकलेटं वाटतो, यंदाही तीच आणून ठेवली आहेत, तेव्हा त्यानं आमच्याकडे येऊ नये. आईला ते लागलं. छोटूनं मात्र ते पत्र बाकीच्यांबरोबर जपून ठेवलं. "त्यांनी खरं सांगितलं," म्हणाला. आईच्या पत्राला 'येऊ नका' असं उत्तर आलं तेव्हा घर उदास झालं होतं. तेच उत्तर त्याच्या प्रश्नाला आलं तेव्हा ती एक माहिती झाली. नकाशावर त्या घरावर त्यानं फुली मारली आणि पुढे गेला.

दोघा-तिघांनी विचारलं, खाऊऐवजी काय ठेवू? त्यांना आईनं मोरपंखी भोपळ्याबद्दल सांगितलं. टेनेसीच्या पूर्व भागातल्या अ‍ॅलर्जीग्रस्त कुटुंबांच्या एका स्थानिक गटानं ही कल्पना आधी करून पाहिली, आणि २०१४ पासून फूड अ‍ॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेनं ती अमेरिकाभर नेली. दारात मोरपंखी रंगवलेला भोपळा ठेवायचा. त्याचा अर्थ असा, की या घरी खाऊशिवाय दुसरंही काही मिळेल: पेन्सिली, साबणाचे फुगे, अंधारात चमकणारी कांकणं. खाऊचं आणि वस्तूंचं भांडं वेगवेगळं ठेवायचं, एवढीच अट. अमेरिकेत साधारण दर १३ मुलांत एकाला अन्नाची अ‍ॅलर्जी आहे असं ही संस्था सांगते, म्हणजे एका वर्गात दोघं धरायला हरकत नाही. आमच्या रस्त्यावर त्या वर्षी तीन मोरपंखी भोपळे दिसले. त्याआधी एकही नव्हता.

मराठी शाळेतल्या मुलांनाही मी छोटूला पत्र लिहायला सांगितलं होतं. बहुतेकांनी माझीच चूक केली, 'घाबरू नकोस'. मी त्यांना तसंच शिकवलं असणार. पण अकरा वर्षांच्या एका मुलीनं लिहिलं: "आम्ही नाशिकहून आलो तेव्हा मला इंग्लिश येत नव्हतं. पहिल्या दारात सगळे 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणाले आणि मी 'थँक यू' म्हणाले. सगळे हसले. मी रडले. मग एका आजींनी दार पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं आणि मी परत म्हणाले, बरोबर." शाळेच्या त्या सगळ्या गठ्ठ्यातून छोटूनं हे एक पत्र ठेवलं. मला विचारलं, "दार परत लावता येतं?"

फोंड्याहून

त्याची आजी फोंड्याला असते. टपालानं पत्र यायला दिवाळी उलटली असती, म्हणून तिनं वहीच्या कागदावर लिहिलं आणि नातेवाइकांच्या मुलानं फोटो काढून पाठवला. कागद नोव्हेंबरात आला, तोही छोटूच्या पेटीत आहे. पत्र पूर्ण देते.

"चि. छोटूस, अनेक आशीर्वाद. तुझ्या रस्त्यावर मोठा सांगाडा उभा आहे असं बाबांनी सांगितलं. आमच्या वाड्यावरही एक उभा राहतोय. त्याचं नाव नरकासुर. पडवीच्या छपराला त्याचं डोकं टेकतं. मुलं पंधरा दिवस त्याच्या मागे आहेत. मी रोज बघते, म्हणून त्याच्या आत काय आहे ते सांगते. आधी बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या. त्यावर सुकं गवत. त्यावर खळ लावून वर्तमानपत्रं, ती आमच्याच घरातून नेली. वर रंग. पोटात फटाके. तुझे बाबा तुझ्याएवढे होते तेव्हा नरकासुर दिसला की माझ्या साडीत तोंड लपवायचे. मी त्यांना दुपारी उजेडात घेऊन गेले. त्यांनी त्याच्या पायाला हात लावला. खळ ओली होती, हात चिकट झाला. रात्री ते परत घाबरले, पण साडीबाहेर एक डोळा ठेवून बघत होते. पहाटे नरकासुराला जाळतात. मग आंघोळ, मग कारीट फोडायचं, मग फोव (पोहे) खायचे. गुळाचे फोव मी काजू न घालता करते. या वर्षीपासून आमच्याकडे कुणाच्याच फोवात काजू नाही. तुझी आजी."

शाळेत इतकी वर्षं मी मुलांकडून पत्रलेखन करून घेते, पण एवढं नेमकं पत्र मी शिकवलेलं नाही. भिऊ नकोस असं त्यात एकदाही नाही. बाबा रात्री परत घाबरले, हेही तिनं लपवलं नाही.

२०२४ ला पंचांगानं मोठी मदत केली. गोव्यात नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. तिथली पहाट म्हणजे इथली आदली संध्याकाळ. ३० तारखेला साडेसात वाजता छोटू फोनसमोर बसला आणि आजीनं अंगणातून नरकासुर दाखवला. तो पेटला, पोटातले फटाके उडाले, डोकं एका बाजूला कललं आणि आतला बांबू दिसला. "बांबू!" छोटू ओरडला. "आजी, बांबू दिसला!"

३१ ऑक्टोबर

त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही, इतका कोरडा महिना राज्याच्या नोंदीत नव्हता. ३१ तारखेला उन्हाळ्यासारखी हवा होती. पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडत होता. गुरुवार, शाळेचा दिवस. पाचच्या आधी, चांगला उजेड असताना आम्ही निघालो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उजेडात सुरुवात करायची हे आजीच्या पत्रातून घेतलं होतं.

पोस्टमनच्या पिशवीत दोन कप्पे. एकात इंजेक्शनं आणि ओले रुमाल, दुसऱ्यात उत्तरं, घरांच्या क्रमानं लावलेली. प्रत्येक दारापाशी तो त्या घराचं पत्र काढायचा, वाचायचा, मग पायरी चढायचा.

काकींच्या दारी सगळं पत्राबरहुकूम झालं. पंधरा वर्षांच्या मुलानं मुखवटा खरंच हातात धरला, आणि त्याच्या कपाळावर मुखवट्याच्या कडेचा वळ उठलेला छोटूला दिसला. सांगाड्याशी तो बराच वेळ थांबला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण मागून आलेली दोन टोळकी आम्हाला ओलांडून गेली. मग तो आईचा हात न सोडता वाकला, टाचेमागे चाचपडला. खटका सापडेना. डबा हसला. तो मागे सरला, चित्र पुन्हा उलगडलं, बाण पाहिला, दुसऱ्या बाजूनं हात घातला. हसणं थांबलं. आजोबा दारातच होते, पण त्यांनी पाय पुढे टाकला नव्हता. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. मदत करायचा मोह आवरणं त्या क्षणी सोपं नव्हतं.

पाचव्या दारी गडबड झाली. तिथे पाहुण्या मुलांनी धुराचं यंत्र सुरू केलं होतं, आणि ते पत्रात नव्हतं. पायरीखालून पांढरा धूर आला आणि छोटू रडत रस्त्याच्या कडेला बसला. पत्र काढून पुन्हा पुन्हा वाचत होता. "यात धूर नाहीये. यात लिहिलेलं नाहीये."

आम्ही घरी आलो. इथल्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजनही त्याच संध्याकाळी होतं. पूजा झाली, पणत्या लागल्या. साडेसहाला तो परत पिशवी अडकवून उभा. "दार परत लावता येतं," म्हणाला. अंधारात त्यानं आणखी दोन घरं केली. नऊपैकी एकावर फुली होती. उरलेल्या आठांपैकी सहा दारं त्यानं वाजवली, पाचव्या घराची पायरी चढलीच नाही, आणि एक राहून गेलं.

रात्री टेबलावर सगळा माल ओतला. वेष्टनं वाचायचं काम त्याचं, तपासायचं आईचं. इथल्या कायद्यानं शेंगदाणा आणि काजू घटक म्हणून असतील तर वेष्टनावर साध्या शब्दांत लिहावेच लागतात. पण 'अंश असू शकतो' ही सूचना ऐच्छिक आहे, म्हणून ती नाही याचा अर्थ अंश नाही असा होत नाही. शिवाय छोट्या आकाराच्या सुट्या चॉकलेटांवर घटक बहुधा छापलेलेच नसतात. ज्यावर काही लिहिलं नाही ते बाजूला, हा त्यांचा नियम. चार चॉकलेटं बाबांना गेली, बदल्यात त्याला एक रंगपेटी मिळाली.

आणि आपल्या माणसांत

हे लिहिताना मला दुःख होतं, पण लिहायला हवं. अनोळखी शेजारी एका पेन्सिलीच्या पत्रानं बदलले. दिवाळीनंतरच्या फराळाच्या एका मराठी मेळाव्यात मात्र तोच छोटू वेगळ्या टेबलावर बसला. "एका दाण्यानं काय होतंय", "आमच्या वेळी नव्हती ही थेरं", हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आईला राग गिळावा लागला. चिवड्यातून शेंगदाणे काढा अशी आमची मागणी नव्हतीच. प्रत्येक पातेल्यापुढे आत काय आहे याची चिठ्ठी आणि प्रत्येकाला वेगळा डाव, एवढंच हवं होतं. आता रविवारच्या वर्गातली मुलं पुढच्या फराळासाठी त्या चिठ्ठ्या लिहिताहेत. मराठी हस्ताक्षराचा सरावही होतो. 'डाळं', 'खोबरं', 'शेंगदाणे', 'तीळ'. 'शेंगदाणे' लाल पेन्सिलीनं.

छोटूची भीती गेली असं मी म्हणणार नाही. थांब्यापर्यंत तो चालत जातो, सांगाड्याच्या बाजूनं नाही, समोरच्या पदपथावरून. डॉक्टरांच्या तपासण्या ठरल्याप्रमाणे चालू आहेत, पत्रांनी त्यात काही फरक पडलेला नाही आणि पडणारही नाही.

१ नोव्हेंबरला, दुपारी शाळेतून आल्यावर, त्यानं धुराच्या घराला पत्र लिहिलं. या वेळी ७३ सेंटचं तिकीट लावून, टपालपेटीत.

"काल मी आलो होतो पण वर आलो नाही. तुमच्या पायरीखालून धूर आला. तो पत्रात नव्हता. पुढच्या वर्षी धूर पण लिहा. आणि तो कशातून येतो ते पण लिहा. मी परत येईन."